तीन मतांवर अठ्ठावीस कोटी माणसं

तीन. आकडा लहान वाटतोय ना? थांबा जरा. या तिनावर आज आपण इतकं काही रचणार आहोत की शेवटी तुम्हीच हात जोडाल.

१८९२ चा जुलै. लंडनमधला सेंट्रल फिन्सबरी नावाचा मतदारसंघ. क्लार्कनवेलच्या घड्याळजींचा, सोनारांचा, लहानसहान कारागिरांचा भाग. निवडणूक संपली, मतपत्रिका मोजल्या. काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे फ्रेडरिक पेंटन यांना २,९५६ मतं. लिबरल पक्षाचे दादाभाई नौरोजी यांना २,९५९. आधी फरक पाच मतांचा सांगितला गेला, पुन्हा तपासलं तेव्हा तीनच उरला. तीन! कल्याण-नगर रस्त्यावर टोकावड्याच्या नाक्यावर उभे राहा आणि येणारी पहिली रिक्षा बघा. मागच्या सीटवर नियमाने जेवढी माणसं बसतात, तेवढं हे मताधिक्य. आणि खरं सांगायचं तर तेवढंही नाही. त्या २,९५९ मधल्या फक्त दोघांनी सकाळी उठून मन बदललं असतं, तर दादाभाई २,९५७ आणि पेंटन २,९५८. खेळ खलास. रिक्षातला तिसरा माणूस नुसता शोभेला. लंडनच्या टवाळखोरांनी त्यांचं नावच 'मिस्टर नॅरोमेजॉरिटी' करून टाकलं.

अशा रीतीने ब्रिटनच्या पार्लमेंटात लोकांनी निवडून दिलेला पहिला हिंदी माणूस जाऊन बसला. आपल्या मुंबईचा, वय वर्षं सहासष्ट.

आता या आकड्याला आपल्या तराजूत घालू. दोघांची मिळून मतं झाली ५,९१५. आपल्याकडे २०२४ च्या निवडणुकीत एका मतदान केंद्राला साधारण दीड हजारांपर्यंत मतदार होते. म्हणजे फिन्सबरीतली सगळी मतं चार केंद्रांत संपली. जिल्हा परिषदेच्या एका शाळेचे चार वर्ग घ्या, प्रत्येकात एक केंद्र बसवा, संध्याकाळी पेट्या बंद करा. झाला ब्रिटनचा खासदार!

आणि आपला खासदार? टोकावडं मुरबाड विधानसभेत, मुरबाड भिवंडी लोकसभेत. त्यातच शहापूर, त्यातच कल्याण पश्चिम, भिवंडी शहराचे दोन मतदारसंघ आणि भिवंडी ग्रामीण. माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यापासून भिवंडीच्या यंत्रमागापर्यंत, सगळे मिळून मतदार वीस लाखांच्या वर. दादाभाईंच्या काळातलं ब्रिटन सोडा, आजचं घ्या. तिथे आज ६५० खासदार आहेत आणि एका खासदारामागे सरासरी त्र्याहत्तर हजारांच्या आसपास मतदार. करा भागाकार. एका भिवंडीत अठ्ठावीस ब्रिटिश खासदार आरामात मावतात! आणि साऱ्या भारताचे, २०२४ च्या निवडणुकीतले सुमारे ९७ कोटी मतदार त्यांच्या मापाने मोजले, तर आपल्या लोकसभेत ५४३ नव्हे, तेरा हजारांवर खासदार बसवावे लागतील. तेरा हजार! आपल्या लाल एसटीत चव्वेचाळीस सीट धरली तर तीनशे गाड्या नुसत्या खासदारांनी भरतील, आणि तरी काही जण दांडीला धरून उभे.

मताधिक्याचंही तसंच. २०२४ ला भिवंडीत सुरेश म्हात्रे निवडून आले ते सहासष्ट हजारांवर मतांनी. दादाभाईंच्या तिनाची बावीस हजार पट. पण घाई नको, कारण टक्केवारीत बघितलं तर मुंबईने दादाभाईंनाही मागे टाकलंय. २०२४ लाच मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी जिंकले. त्यांची आणि अमोल कीर्तिकरांची मतं मिळून नऊ लाखांच्या वर. आता एक क्विंटल भात घ्या. फिन्सबरीचा फरक म्हणजे त्या क्विंटलातले पन्नास ग्रॅम, मूठभर दाणे. मुंबईचा फरक म्हणजे पाच ग्रॅम, चिमूटभर. दहापट बारीक! आणि गंमत अशी की या मतदारसंघात वर्सोवा येतं. १९०७ ला विलायतेहून कायमचे परतल्यावर दादाभाई म्हातारपणी राहिले ते वर्सोव्याला. निसटत्या निवडणुकांचा गुण तिथल्या हवेतच असावा.

पण इथपर्यंत आले कसे हे गृहस्थ? जन्म १८२५ चा. वडील गेले तेव्हा पोरगा चार वर्षांचा. आई माणेकबाईंनी वाढवलं, शिकवलं. एल्फिन्स्टनमध्ये शिकताना शिक्षकांत बाळशास्त्री जांभेकर होते, आपल्या 'दर्पण'चे जांभेकर. तिशीच्या आत त्याच एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, हिंदी माणसांतले पहिले. हे गणित लक्षात ठेवा, पुढे त्याचा फार उपयोग आहे. १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, एकवीस मैल, तेव्हा दादाभाई सत्तावीस वर्षांचे. दोन वर्षांनी, १८५५ ला, ते कामा कंपनीच्या व्यापारासाठी लंडनला निघाले.

तेव्हा सुवेझचा कालवाच नव्हता, तो उघडला १८६९ ला. इजिप्तपर्यंत जहाज, मग जमिनीवरून प्रवास, मग पुन्हा जहाज. कालवा झाल्यावरही मुंबई ते लंडन समुद्राची वाट साधारण साडेअकरा हजार किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरलं तर ७६ वेळा मुंबई-पुणे. ही झाली एक खेप, नुसतं जाणं. आणि हा माणूस पन्नास वर्षं ये-जा करत राहिला! मध्ये बडोद्याचं दिवाणपद करून आला, १८८५ ला मुंबईत काँग्रेस जन्मली तेव्हा हजर, १८८६ ला कलकत्त्याला काँग्रेसचा अध्यक्ष, पुन्हा लंडन. आपल्याकडे लोकांना कल्याणहून मुरबाडला येताना कंटाळा येतो.

१८८६ ला पहिल्यांदा पार्लमेंटसाठी उभे राहिले ते होलबर्नमधून. मतं पडली १,९५०. समोरच्याला ३,६५१. साफ आपटले. मग १८८८ ला खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी एडिंबराच्या भाषणात म्हणाले की इंग्रज मतदार काही 'काळ्या माणसाला' निवडून देणार नाही. झालं! जे नाव लंडनच्या चार गल्ल्यांतही धड कुणाला ठाऊक नव्हतं, ते देशभरच्या वर्तमानपत्रांत गेलं. एवढी जाहिरात पैसे मोजून झाली नसती. आणि पैशांचं म्हणाल, तर त्या काळी ब्रिटिश खासदाराला पगार किती होता? शून्य. पगार सुरू झाला १९११ ला, वर्षाला ४०० पौंड. दादाभाईंच्या वेळी निवडणूकही स्वतःच्या खिशातून आणि खासदारकीही स्वतःच्या खिशातून. आताच्या उमेदवारांना हे सांगून बघा.

आता त्या तीन मतांवर ओझं किती होतं ते बघू, कारण इथून आकडे फुगायला लागतात.

१८९१ च्या जनगणनेत संस्थानं धरून हिंदुस्थानची लोकसंख्या भरली सुमारे २८ कोटी ७० लाख. या सगळ्यांचा कारभार शेवटी चालायचा वेस्टमिन्स्टरच्या सभागृहातून. तिथे तेव्हा ६७० सभासद. त्यात लोकांनी निवडून दिलेला हिंदी माणूस एक. भागाकार करा. दादाभाईंच्या एकेका जादा मतावर साडेनऊ कोटी माणसं! आजच्या महाराष्ट्रातली बहुतेक वस्ती एका मताच्या डोक्यावर. एका घड्याळजीने दुकान बंद करून मत दिलं, साडेनऊ कोटी. त्याच्या शेजाऱ्याने दिलं, आणखी साडेनऊ कोटी. आणि यातल्या एकाही कोटीला त्या निवडणुकीत मत नव्हतं. फिन्सबरीतल्या बायकांनाही नव्हतं, ते वेगळंच.

उलटा हिशोब आणखी गमतीचा. तेव्हा सगळ्या ब्रिटनची आणि आयर्लंडची वस्ती मिळून पावणेचार कोटींच्या आसपास, आणि त्यांना सभासद ६७०. म्हणजे साधारण छप्पन हजार माणसांमागे एक. हाच भाव हिंदुस्थानला लावला असता तर? ५,१००! पाच हजार शंभर खासदार हिंदुस्थानातून लंडनला पाठवावे लागले असते. एसटीच्या हिशोबाने एकशे सोळा गाड्या. आणि सभागृह केवढं? आजच्या सभागृहात ६५० खासदारांसाठी बाकं आहेत ४२७ जणांना पुरतील एवढीच, बाकीचे कडेला उभे राहतात. तिथे आपले पाच हजार शंभर! खिडक्यांतून लोंबकळले असते. यायला हवे होते ५,१००, आला एक. आणि तो एकही येतोय म्हणून केवढा गदारोळ.

या एका माणसाने तिथे जाऊन काय केलं? भाषणं केली, हे तर झालंच. पण त्यांचं खरं हत्यार होतं गणित. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण कुठलाही मोठा आकडा बसल्या जागी कसा तयार होतो ते इतक्या जवळून क्वचितच बघायला मिळतं.

संगणक नाही, पाहणी नाही, सरकार माहिती देत नाही. दादाभाईंनी काय केलं? सरकारचेच प्रांतवार अहवाल काढले. अमुक प्रांतात भाताखाली जमीन किती एकर, एकरी पीक किती, बाजारात भाव काय. गहू किती, ज्वारी किती, कापूस किती. गुणाकार. त्यातून बियाणं वजा. मग मीठ, कोळसा, कारागिरी, जे काही धरता येईल ते सगळं सढळ हाताने मिळवलं. एकूण भरले ३४ कोटी पौंड. ब्रिटिश अमलाखालची वस्ती तेव्हा धरलेली १७ कोटी. भागा. माणशी दोन पौंड. पौंडाला दहा रुपये हा तेव्हाचा हिशोबी भाव, म्हणजे वीस रुपये. महिन्याला नव्हे, वर्षाला! रुपयाचे सोळा आणे, वीस रुपयांचे ३२० आणे, वर्षाचे दिवस ३६५. दिवसाला एक आणासुद्धा नाही. त्यातच जेवण, कपडा, घर, लग्न, बारसं, मयत आणि सरकारचा सारा. आणि ही सरासरी झाली. राजे, सावकार, जमीनदार यांचा वाटा याच वीस रुपयांत मिसळलेला, म्हणजे आपल्या डोंगरपट्ट्यातल्या नाचणी-वरईवाल्याच्या हाती त्याहून कमीच.

याच्यापुढे दादाभाईंनी जे केलं त्याला तोड नाही. त्यांनी तुरुंगाचे अहवाल काढले. सरकार एका कैद्याच्या नुसत्या अन्नावर आणि कपड्यावर वर्षाला किती खर्च करतं? मुंबई इलाख्यात सुमारे ४७ रुपये! मद्रासेत ५३! सुटा माणूस कमावणार वीस, आणि चोरी करून आत गेला की सरकारच त्याच्यावर सत्तेचाळीस खर्च करणार. दुपटीच्याही वर. आकडे सगळे सरकारचेच, दादाभाईंनी फक्त एकाशेजारी एक ठेवले. एवढ्या सभ्य भाषेत एवढी झणझणीत चपराक दुसऱ्या कुणी मारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

बरं, व्हाइसरॉयसाहेबांचा पगार? वर्षाला अडीच लाख रुपये. भागिले वीस. साडेबारा हजार माणसांची वर्षभराची कमाई एका खिशात. एक-दीड हजार वस्तीची आठ-दहा गावं वर्षभर राबली, जेवली नाहीत, ल्याली नाहीत, सगळं आणून दिलं, की साहेबांचा एक पगार निघाला.

पण हे सगळं किरकोळ. मुख्य गोष्ट पुढेच आहे. दादाभाईंचं म्हणणं असं की हिंदुस्थानातून दरवर्षी संपत्ती विलायतेला वाहून जाते आणि त्या बदल्यात परत काहीच येत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, पेन्शनी, लंडनमधल्या कचेरीचा खर्च, कर्जावरचं व्याज, फौजेचा खर्च. याला त्यांनी नाव दिलं 'ड्रेन', आपण म्हणू संपत्तीचं वहन. आकडा त्यांच्या लिखाणात वर्षागणिक वाढत जातो. आपण वर्षाला तीन कोटी पौंड हा घेऊ आणि जुनाच, पौंडाला दहा रुपयांचा भाव लावू. पुढे रुपया घसरला, त्या भावाने आकडा आणखी फुगेल, पण आपण हात आखडताच ठेवू. झाले तीस कोटी रुपये. दरसाल.

एका माणसाची कमाई वीस, म्हणजे दीड कोटी माणसांची वर्षाची कमाई. पालघर वेगळा व्हायच्या आधीच्या आपल्या अवाढव्य ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या एक कोटी दहा लाख. डहाणूपासून माळशेजपर्यंतची, मीरा-भाईंदरपासून मोखाड्यापर्यंतची सगळी माणसं धरली तरी चाळीस लाख कमीच पडतात!

अजून पटत नाही? मग रुपया हातात घ्या. तेव्हाचा रुपया चांदीचा, वजन बरोबर एक तोळा. तीस कोटी तोळे म्हणजे साडेतीन हजार टन. साठ टनांचा एक वॅगन धरला तर अठ्ठावन्न वॅगन. एक अख्खी मालगाडी, इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत नुसत्या चांदीच्या रुपयांनी गच्च भरलेली! ती कसारा घाट उतरताना ब्रेकवाल्याचा जीव काय झाला असता ते त्यालाच ठाऊक.

गाडी नको, विहीर घ्या. पाच मीटर रुंद, दहा मीटर खोल, चांगली बांधीव विहीर, गावात असते तशी. पाणी उपसा आणि त्यात रुपये ओता. खण्, खण्, खण्. एक विहीर काठोकाठ भरली. दुसरी भरली. तिसरीही जवळजवळ भरली, तेव्हा कुठे एका वर्षाचे रुपये संपले. पुढच्या वर्षी आणखी तीन विहिरी खणायला घ्या. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी तीन. उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ज्या विहिरींना तळ दिसतो, त्याच विहिरी डोळ्यांपुढे आणा म्हणजे झालं.

विहीरही नको, रस्ता घ्या. रुपयाची रुंदी तीन सेंटिमीटर. एकाला एक चिकटवून जमिनीवर मांडत चला. मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई, अशा तीस फेऱ्या पुऱ्या! नऊ हजार किलोमीटर! आणि ही रांग पुण्याकडे न नेता बोटीच्या वाटेने लंडनकडे वळवली तर? एडन मागे पडलं, सुवेझ मागे पडलं, अख्खा भूमध्य समुद्र ओलांडला आणि रांग थेट जिब्राल्टरच्या दारात! एका वर्षात एवढी. पुढच्या वर्षी मार्चअखेर ती लंडनला टेकते आणि उरलेल्या नऊ महिन्यांत मागे वळून परत मुंबईच्या वाटेला लागते.

टोकावड्याहून माळशेजकडे निघालं की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट लागते. वर सातवाहनांचं लेणं, त्यात नागनिकेचा लेख, आणि त्या लेखात यज्ञांच्या दानाचे आकडे कोरलेले. गाई शेकड्यांनी, हजारांनी, आणि कार्षापण नाणी चोवीस हजार चारशे. दोन हजार वर्षांपूर्वी एवढा आकडा दगडात कोरावासा वाटला, इतका तो अफाट. तीस कोटींत तो किती वेळा जातो? बारा हजारांहून जास्त वेळा. नागनिकेने बारा हजार वेळा तेवढंच दान केलं असतं, तर लंडनची एका वर्षाची वसुली झाली असती.

अर्थात चांदी अशी खरोखर गाड्यांत भरून जात नव्हती. जात होता कापूस, गहू, ताग, चहा, नीळ. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळायचे ते त्यानेच भरलेल्या साऱ्यातून. तुमच्याच खिशातून नोट काढून तुमच्याच कोंबडीचे पैसे चुकते करायचे, असा तो व्यवहार. पण गाडी डोळ्यांपुढे ठेवली की आकडा डोक्यात बसतो, म्हणून गाडी.

पार्लमेंटमध्ये या एकट्या माणसाचं गणित किती चाललं? एकदा चाललं, आणि काय चाललं! मागणी साधी होती. सनदी नोकरांची परीक्षा फक्त लंडनला का? ती हिंदुस्थानातही त्याच वेळी घ्या. वर सांगितलेल्या साडेअकरा हजार किलोमीटरमुळेच तर आपली मुलं मागे पडत होती. २ जून १८९३, ठरावावर मतदान. बाजूने ८४, विरुद्ध ७६. आठ मतांनी ठराव पास! ६७० पैकी १६० जणांनी मत दिलं, बाकीचे कुठे होते देव जाणे. आठ मतं, म्हणजे फिन्सबरीच्या मताधिक्याच्या दुपटीहून जास्त. दादाभाईंच्या मापाने ही लाटच म्हणायची. आणि अंमलबजावणी? हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू झाली १९२२ ला. एकोणतीस वर्षांनी! तोवर दादाभाईंना जाऊनच पाच वर्षं झाली होती. आपल्याकडे मंजूर झालेला पूल दहा वर्षं रखडला तर लोक रास्ता रोको करतात.

हा एकटा माणूस बोलून बोलून किती बोलणार? त्याचाही हिशोब करू. समजा दादाभाईंनी ठरवलं असतं की भाषण नको, ठराव नको, फक्त आपल्या लोकांची नावं वाचायची. सेकंदाला एक नाव. झोप नाही, जेवण नाही, घोटभर पाणी नाही. २८ कोटी ७० लाख नावं वाचायला वेळ लागतो नऊ वर्षं आणि वर एक महिना. खासदारकी किती मिळाली? जुलै १८९२ ते जुलै १८९५. तीन वर्षं. तीन वर्षांचे सेकंद होतात साडेनऊ कोटींच्या आत-बाहेर. म्हणजे यादीचा जेमतेम एक-तृतीयांश वाचून होतो आणि निवडणूक दारात उभी! साडेनऊ कोटी... ओळखीचा आकडा वाटला? एका मताच्या वाट्याला आलेली माणसं तेवढीच. तीन मतांनी मिळालेल्या तीन वर्षांत एका मतापुरतीच नावं उरकली. हे मी जुळवून आणलेलं नाही, भागाकारच तसा येतो.

१८९५ ला फिन्सबरीने त्यांना घरी बसवलं, फरक आठशेच्या वर. पण त्याच वर्षी हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं गेलं, वेल्बी कमिशन, आणि त्यात दादाभाई सभासद. १८९७ ला त्याच कमिशनपुढे साक्ष द्यायला पुण्याहून तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले. साऱ्या आयुष्याचे हिशोब १९०१ ला जाड पुस्तकात बांधून निघाले, नाव 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया'. १९०६ ला पुन्हा पार्लमेंटला उभे राहिले, पडले, आणि त्याच वर्षी एक्क्याऐंशीव्या वर्षी कलकत्त्याला काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून स्वराज्य मागितलं. आवाज साथ देत नव्हता, भाषण गोखल्यांनी वाचून दाखवलं. ३० जून १९१७ ला गेले, वय एक्क्याण्णव. खासदारकी तीन वर्षांची, आयुष्य तिच्या तीसपट. त्यांच्या मागून ब्रिटनच्या पार्लमेंटात मंचरजी भावनगरी गेले, शापुरजी सकलातवाला गेले. तिघेही पारशी, तिघेही मुंबईचे.

पण विहिरी भरणं थांबलं नव्हतं. दादाभाईंनी एकेका वर्षाचा हिशोब मांडला. अलीकडे अर्थशास्त्रज्ञ उत्सा पटनाईक यांनी सगळ्या वर्षांचा मांडला. १७६५ ते १९३८, आणि वर पाच टक्के व्याज चक्रवाढीने. बेरीज आली सुमारे ४५ लाख कोटी डॉलर. पंडितांची यावर जोरात भांडणं आहेत. व्याज काढून टाकलं तर आकडा पार आक्रसतो, हे खरंच आहे. पण सावकाराने कधी व्याज सोडलंय? आपणही सोडू नये.

डॉलरला हिशोबापुरते ८० रुपये धरू, आज भाव त्याहून जास्तच आहे. झाले ३,६०० लाख कोटी रुपये. लिहायला बसलात तर छत्तीसवर चौदा शून्यं! आता शहापुरातून गेलेला समृद्धी महामार्ग आठवा. मुंबई-नागपूर, ७०१ किलोमीटर, डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल टाकून बांधलेला, खर्च साठ हजार कोटींच्या आसपास. या पैशात असे किती रस्ते होतील? दहा? शंभर? सहा हजार! सहा हजार समृद्धी महामार्ग! देशात ठेवायला जागा नाही, म्हणून एकापुढे एक जोडू. बेचाळीस लाख किलोमीटर! पृथ्वीला गुंडाळून शंभर वेढे होतात आणि तरी उरतो. मग सोडा पृथ्वी, उभाच करा वर. चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या थोडा पुढे. एक रस्ता चंद्राला टेकला. दुसरा टेकला. पाचवा, सातवा, दहावा... अकरा! अकरा समृद्धी महामार्ग शेजारी शेजारी, इथून थेट चंद्रापर्यंत! ताशी एकशेवीसने गाडी सोडली, चहाला थांबला नाहीत, डिझेलला थांबला नाहीत, तर सगळे अकरा रस्ते संपवायला चार वर्षं लागतील, दादाभाईंच्या खासदारकीहून एक वर्ष जास्त. टोल मोटारीला किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे चौऱ्याऐंशी लाख. निघण्याआधी फास्टॅगमधली शिल्लक तेवढी बघून घ्या.